शिक्का नसलेलं पुस्तक

इंद्रलोक कॉलनीला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी शेजारणी.

“इंदूताई, तुमच्या राजश्रीला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने बक्षीस दिलं म्हणे?”

“संशोधनाचं गं, सुलू. आजवर कुणीच घरी न नेलेली पुस्तकं तिने शोधली. चारशे बारा निघाली.”

“पण कळलं कसं?”

“पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर घरी नेल्याच्या तारखेचा एकही शिक्का नाही.”

“मग?”

“मग तपासायला एकेक करून सगळी घरी आणली. सगळ्यांवर शिक्के पडले.”

“म्हणजे आता तसं एकही पुस्तक उरलं नाही?”

“आहे ना एक. तिचाच रिपोर्ट. बाइंडिंग करून तिथेच कपाटात ठेवलाय. कुणी हातसुद्धा लावत नाही.”

“मग तो तरी घरी आणायला सांगा!”

“सांगितलं. तर माझ्यावरच खेकसली. म्हणे, पुढच्या वर्षीच्या बक्षिसाला मग काय शोधू?”