गाईचा गुरुवार

तुम्ही हसाल, पण माझ्या नवऱ्याची नोकरी मध्यंतरी एका गाईवर येऊन अडली होती. कंपनीने त्याला कामाशिवाय बसवून ठेवलेलं, कधीही नारळ मिळेल अशी धास्ती. ज्योतिषीबुवांनी गुरू कमजोर ठरवला आणि सासूबाईंना उपाय दिला: गुरुवारी सुनेच्या हातून गाईला पोळी, गूळ आणि हरभऱ्याची डाळ.

नेरे गावात आमच्या टॉवरच्या आसपास आता एकच गाय उरली आहे, शेजारच्या मळ्यातल्या काकूंची. आम्ही डबा घेऊन गेलो, तर काकू गोठ्याच्या दारातच आडव्या आल्या.

"आज न्हाई. गुरवारी तिचा उपास असतोय."

सासूबाईंनी चटकन हात जोडले. "केवढी पुण्यवान!"

"कसली पुण्यवान? तुमच्या टावरात समद्यांचाच गुरू बिघडलाय. पोळ्या खाऊन लई पोट फुगलं तिचं, ढोरांचा डाक्टर आणायला लागला."

मी डबा घेऊन मागे वळले. सासूबाई मात्र रडकुंडीला आल्या. "अहो, माझ्या मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे. उपासाचं करून आणते ना! साबुदाणा, राजगिरा... काय चालतं तिला उपासाला?"

"गवत," काकू म्हणाल्या.