तिप्पट आणि वर सातवा हिस्सा

गारगोटीच्या एसटीत मुलांच्या वह्यांतली वर्तुळाच्या 'पाय'ची गणितं तपासणाऱ्या पवित्राबाईंचं लाल पेन थबकलं. पुढच्या सीटवर गुऱ्हाळमालक सिद्धाप्पा आणि वेल्डिंगवाली शांतव्वा यांची जुंपली होती.

"शांतव्वा, गुळाची काहील सात फूट रुंद. कडंला पट्टी तिप्पट आणलीया, एकवीस फूट. बसीव."

"बसायची न्हाय. बावीस लागती."

"जरा ताण की!"

"लोखंड हाय मालक, रबर न्हवं. कुठलंबी गोल घ्या, तिप्पट आणि वर रुंदीचा सातवा हिस्सा लागतोयच."

"बाईमाणसानं मला गोल शिकवू नये. माझा बाप जल्मभर तिप्पटच आणायचा!"

"आणायचा की. कमी पडलेला तुकडा माझा बाप पदरचा घालायचा. मी घालणार न्हाय."