लाल कप्प्यातल्या मेंढ्या

...नाही मॅडम, 'फरक आढळला नाही' हे वाक्य जरा दमानं लिहा — तुमचं चुकत नाही, चोवीस मेंढ्या, निळ्या कप्प्यातल्या बारांना आंबोणात हिची पूड, लाल कप्प्यातल्या बारांना नुसतं आंबोण, आणि तीन महिन्यांनी दोन्हीकडं दूध सारखंच. मापं खरी आहेत. पस्तीस वर्षं कारकुनी केली, आकडा खोटा लिहिला नाही — उशिरा लिहिला असेल. पूड बायकोची हं, माझी नव्हे. मेथी, बडीशेप, शतावरीची मुळं. सुकवते, कुटते, चाळते. माझ्या शर्टांनासुद्धा वास यायचा, साहेब विचारायचे, काय हो, पोट बिघडलंय? तुमच्या पशुवैद्यकीय कॉलेजाचं पत्र आलं ना, की पुडीची रीतसर चाचणी घेऊ, ते तिनं चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा मला मोठ्यानं वाचायला लावलं.

काय म्हणालात? एकोणीस नंबरची? लाल कप्प्यातलीच. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास — वाऱ्यानं येत असेल. वाऱ्यानं तोंडाला वास येतो का? नाही येत. बरं, ऐका. ती कुंपणाच्या फटीतून मान घालून निळ्यांच्या गव्हाणीकडं अशी बघायची, की मला जेवण जाईना. टाकली एक मूठ. मग उरलेल्या अकरा जणींनी काय घोडं मारलं होतं? रोज टाकायला लागलो. दया आली हो, दुसरं काय —

दया कसली! मला वाटलं, घातली काय, न घातली काय, पालापाचोळाच तो. लग्न झाल्यापासून हेच म्हणत आलोय, हसत हसत, पाहुण्यांच्या देखत. आणि एरवी तिसऱ्या महिन्यात दूध आटतं, यंदा दोन्ही कप्प्यांत वाढलंय! पुडीनं, की नव्या गवतानं? आता कुणालाच सांगता येणार नाही, नाही का? पुन्हा चाचणी घेईल कॉलेज? ...हं. वाटलंच.

ती बघा, येतेय, केस नीट करत. कालपासून आरशासमोर दोनदा उभी राहिली, तुम्ही येणार म्हणून. वही मिटा — नको, थांबा, लिहूनच टाका, फरक आढळला नाही. ते ऐकायची तिला सवय आहे. माझं चुकलं, हे माझ्या तोंडून ऐकायची नाही.

ये गं, ये. मॅडम निघाल्याच आहेत.