कोरं गाळणं

"हॅलो?… हो, मालेगावच… मीच बोलते, जोडा ना… कारंज्याहून आहे ना ट्रंक?… थांबते."

लाइन जुळेपर्यंत तारामतीची नजर खिडकीच्या गजावर वाळत घातलेल्या गाळण्यावर गेली. जाड सुती कापड, दुहेरी. मधोमध पाण्याच्या वजनानं आलेला खोलगटपणा कापड वाळल्यावरही तसाच राहिला होता. एरवी त्या खोलगटात हिरवट कड धरते, एखादा तपकिरी ठिपका चिकटून राहतो. आज तिथं काहीच नव्हतं.

"हॅलो… हो, आता ऐकू येते. जेवले का तुमी?… काय केलं होतं वहिनीनं?… मग चांगलंच झोपले असाल… इकडं ठीक आहे सगळं. आई कालच आल्या, बिब्याच्या डोंगरावरून. अष्टमीचं दर्शन झालं… पाय दुखून राह्यले, पण खुश आहेत. म्हणतात, वरच्या टाक्याचं पाणी काय निर्मळ झालं. गाळलं तर गाळण्यात एक जीव नाही. जिवाणी परत सोडायले गेल्या, तर सोडायलेच काही नव्हतं… अहो, हसू नका. मले त्याचंच बोलायचं आहे."

तारामतीच्या नवऱ्याची, हीरालालची आई पानाबाई जन्मभर पाणी गाळून प्यायल्या होत्या. गाळण्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे. ही जिवाणी त्यांनी कधी चुकवली नव्हती. काल कोरं गाळणं त्यांनी प्रसादासारखं घरी आणून सुनेला दाखवलं. सून अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. डोंगरातलं उघडं टाकं, उन्हाळ्याचं तोंड, आणि पाण्यात एकही जीव नाही, हे तिला निर्मळ वाटलं नाही. आज उजाडताच ती दुकानातल्या गड्याला, रंगरावला घेऊन वर गेली होती.

"हो, मीच गेली होती… दुकान बंद ठेवलं. इतक्या सकाळी कोण येते?… बरं, चुकलं. पण ऐका ना. टाक्यात पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या नाहीत. बेडूक नाही. डासांच्या अळ्यासुद्धा नाहीत… हो, डास नसले तर बरंच आहे. पण त्यासोबत बाकी सगळंच कसं गेलं?… काठावर एक साळुंकी मरून पडली होती. जखम नाही, काही नाही. चोच पाण्याकडं… मी फक्त जे दिसलं ते सांगून राह्यली."

मधेच खरखर झाली. वेळ संपल्याचं ऑपरेटरनं सांगितलं. तारामतीनं, वाढवा, म्हटलं आणि पलीकडून हीरालालनंही तेच म्हटलं असावं, कारण लाइन तुटली नाही.

"आहात ना?… तिथं चंपत भेटला. चंपत हो, डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याले मळा आहे तो. वांगी विकतो… तुमी वांगं खात नाही म्हणून त्याले ओळखतही नाही का?… हां, तोच. टाक्यावर बसून पंप धूत होता. फवारणीचा पंप, आपल्याच दुकानचा, भाड्यानं नेलेला. पांढरं पाणी टाक्यात उतरून राह्यलं, दुधावानी… मी म्हटलं, चंपत, इथं काहून धुतो? तर म्हणे, 'शेठजी धुतल्याबगर पंप दुकानात घेतच नाहीत ना बाई.'"

हीरालालच्या पाठीमागं कुणीतरी मोठ्यानं कापसाचा भाव सांगत होतं.

"हॅलो… हो, तुमचाच नियम आहे… वाईटासाठी नाही केला, मले माहीत नाही का? घरात विष नको, आई पीठ घालतात त्या मुंग्या मरतील, म्हणून केला. चांगलाच केला. पण मळ्यातली विहीर आटली, अन् डोंगर ओलांडून दुकानात येताना वाटेतच टाकं आहे. एकटा चंपतच नाही, सगळेच तिथं धुऊन राह्यले. मागचा सगळा हंगाम… मग कुठं धुवावं, तुमीच सांगा… दुकानामागं? तिथून आपली विहीर केवढ्याशी लांब आहे?… नाल्यात धुतलं तर नाला बिबखेड्याले जातो. तिथलं जनावर तेच पाणी पिते… पाटी लावू, हो. पाटीनं पुढचे थांबतील. पाण्यात गेलं ते निघणार नाही."

हीरालालचा आवाज चढला. तिनं रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि तो थांबल्यावर पुन्हा जवळ घेतला.

"डोंगरावरच्या जत्रेच्या पाण्याचं मी केलं… रंगराव वरच बसला आहे. टाक्याभोवती बोरीच्या काट्या लावल्या. पाणी खालून बैलगाडीनं नेऊ… लोकाले खरं तेच सांगितलं. पाण्यात फवारणीचं औषध गेलं, पिऊ नका… नाही, दुकानाचं नाव कोणी विचारलं नाही. विचारलं तर सांगीन… आईले? घोटभरच प्यायल्या त्या, बऱ्या आहेत. पण अजून नाही सांगितलं. त्या सकाळपासून शेजारणीले बोलवून गजावरचं गाळणं दाखवून राह्यल्या."

मग तिनं विचारलं, तुम्ही फोन कशासाठी लावला होता?

"सगळ्या हंगामाचं औषध?… एवढ्या पेट्या ठेवणार कुठं?… पदमचंदभाऊच देऊन राह्यले ना माल? उभे असतील तिथंच. त्याईले माझा नमस्कार सांगा… हो, कळलं. परवान्याचं नूतनीकरण झाल्याशिवाय माल सुटत नाही… कागद आला आहे. माझ्यासमोरच आहे."

पिकांवर फवारायची औषधं विकायचा परवाना तिच्या नावावर होता. घरात विज्ञान शिकलेली तीच एक, तेव्हा नावही तिचंच शोभेल, असं हीरालालनं कौतुकानं म्हटलं होतं आणि तिनंही आनंदानं सही केली होती. पुढं गोदामातला वास तिच्या केसांत बसायला लागला. पेट्यांवरचा बारीक मजकूर तिनं वाचला. दिवाळीपासून ती बोलायचं म्हणत होती. कधी हिशेबाची गडबड असायची, कधी पाहुणे असायचे, कधी तो नुसताच थकून आलेला असायचा.

"नाही, लाइन आहे. मी ऐकून राह्यली… कागद संध्याकाळच्या एस.टी.नं नाही पाठवत… रंगराव नाही म्हणून नाही… लोक दुसरीकडून घेतील, हो. चंपत वाशिमले जाऊन आणेल. मी त्याले अडवू शकत नाही. त्याच्या वांग्यात अळी पडते, त्याचं काय करायचं हेही मले आज सांगता येत नाही… तुमाले पदमचंदभाऊसमोर कमीपणा येईल, कळते मले. माझं नाव सांगा. म्हणा, घरात बाई ऐकत नाही… रागावा. घरी आल्यावर अजून रागावा. पण हे फोनवरच ऐकून घ्या, नाहीतर तुमी याल, अन् मी पुन्हा तुमाले ताट वाढीन आणि बोलायचं राहून जाईल… हो, सांगते… मी परवान्यावर सही करणार नाही. आपल्या दुकानात हे औषध आता विकायचं नाही."