जसं दिसतं तसंच

दवाखान्यात बाळ माझ्या खांद्यावर नुकतंच झोपलं होतं. शेजारच्या बाकावर एक चित्रकार आणि त्याची थोरली बहीण, आत तपासायला नेलेल्या आईची वाट पाहत बसले होते.

“उद्या प्रदर्शन उघडायच्या आत आईचं चित्र उतरव.”

“का म्हणून? मी जसं दिसतं तसंच रंगवतो, ताई. माझं तत्त्व आहे ते.”

“अरे, अर्धांगाचा झटका आल्यापासून ती माझ्याशीसुद्धा तोंडावर हात धरून बोलते. आणि तू तिचं वाकडं तोंड भिंतभर टांगलंस!”

“खरं रंगवायला हिंमत लागते.”

“हो का, हिंमतवाले! शेजारीच तुझं स्वतःचं चित्र लावलंयस. त्यात टक्कल कुठे गेलं?”

“तिथे... प्रकाश तसा पडला होता.”

“मग आईच्या तोंडावरही पाड की थोडा!”