नकाशावरची टिकली

तुम्हाला हे सांगायचंच राहिलं. शहरभर सायकलींचे वेगळे रस्ते आखायचे होते, म्हणून आमच्या दापोडीत बैठक झाली. टेबलावर मोठा नकाशा होता. सायकल चालवताना जिथं भीती वाटते, तिथं लाल ठिपका चिकटवायचा.

शेजारची सुनीता सायकलनं चाकणच्या कंपनीत जाते. रेल्वेजवळच्या वळणावर एकदा ट्रकचा धक्का लागून पडली होती. घरी बोलली नव्हती, पण मी विचारून विचारून काढून घेतलंच. बैठकीलाही मीच ओढून नेलं. तिचा नंबर आला आणि ठिपके संपले.

"राहू द्या काकू, जाऊ घरी," ती पुटपुटली.

मी कपाळावरची लाल टिकली काढली आणि त्या वळणावर चिकटवली. मागच्या बायकांनीही आपापल्या काढल्या.

"काढून टाकू नका हं," मी नकाशावाल्या मॅडमना म्हटलं.

"कशाला काढू? आमच्या ठिपक्यांपेक्षा घट्ट बसल्यात."

त्या नकाशावाल्या पोरीचं भलं होवो. आता त्या वळणावर सायकलींची वेगळी पट्टी आहे. परवा सुनीतानं टिकल्यांचं अख्खं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"अगं, मी एकच तर लावली होती."

"असू द्या काकू. चाकणपर्यंतचा रस्ता अजून बाकी आहे."