उघडी पाठ

नावेच्या रांगेत उभ्या थुरेलला पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मेलेल्यांच्या पाठीवर नक्षी रंगवणारी गावातली शेवटची रंगारीण ओस्मा आणि तिची मैत्रीण येल्वी.

"ओस्मे, हल्ली मेलेल्याला नुसतं कापडात गुंडाळतात. मला मात्र उघड्या पाठीनं पाठवू नकोस हं. कुळाची नक्षी नसली तर पलीकडचे पितर दारात उभं करायचे नाहीत."

"बघू."

"बघू काय? माझ्या नवऱ्याच्या पाठीवर काढलीस, तीच काढायची."

"येल्वे, तुमची नक्षी मला येत नाही गं. आई गेली, तिच्याबरोबरच गेली ती."

"मग त्याच्या पाठीवर काय काढलंस?"

"सगळे माझ्या हाताकडे बघत होते. सुचेल ते काढत गेले."

"आणि मी मेली म्हणाले, किती सुंदर!"

"म्हणालीस खरी."

"म्हणजे तो अजून दाराबाहेरच असेल?"

ओस्मानं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नकोस, लोक बघतायत. असं कर, त्याला काढलंस तेच मला काढ. बाहेर तर बाहेर, एकमेकांना ओळखू तरी."

"येल्वे..."

"आता काय?"

"तेही आठवत नाही गं."